जोपर्यंत, तोपर्यंत

भाचीने वहीत पाच ओळी लिहिल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. प्रश्न साधाच होता. संख्यांची एक यादी दिली आहे, तिच्यातली सगळ्यात मोठी संख्या शोधायची.

मोठी ← ०
यादीतल्या प्रत्येक संख्येसाठी
    जर संख्या > मोठी तर
        मोठी ← संख्या
मोठी सांगा

अक्षर सुरेख, आतल्या ओळी नीट आत सरकवलेल्या. बाण म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवायची. "बरोबर आहे ना, मावशी?"

मी काही बोलले नाही. समासात तीन आकडे लिहून दिले: −७, −३, −१२. म्हटलं, "चालवून बघ."

तिने खाली तक्ता आखला. एका रकान्यात संख्या, दुसऱ्यात 'संख्या > मोठी?' आणि तिसऱ्यात मोठीची किंमत. उणे सात शून्यापेक्षा मोठी आहे का? नाही. उणे तीन? नाही. उणे बारा? नाही. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यच शून्य. मग शेवटची ओळ, 'मोठी सांगा'. तिने ० लिहिलं आणि पेन्सिल तशीच कागदावर टेकवून बसली.

"पण शून्य तर यादीत नाहीच आहे," ती म्हणाली.

हा क्षण मला फार आवडतो. तिची चूक तिलाच दिसली, आणि तीही तिने स्वतःच्या हाताने भरलेल्या तक्त्यात. 'सुरुवात शून्याने करायची नसते' असं मी आधीच सांगून टाकलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि तो एक नियम म्हणून पाठ केला असता. पाठ केलेला नियम नेमका हवा तेव्हा आठवत नाही. शून्यांनी भरलेला रकाना मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

तिने पहिला उपाय काढला तो असा: "मग उणे दहा हजारपासून सुरू करते." मी समासात −२०,००० आणि −१५,००० लिहिले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे. आपण कितीही खाली गेलो तरी त्याच्याखाली आणखी आकडे असणारच, हे मला बोलून दाखवावं लागलं नाही. थोड्या वेळाने तिने पहिली ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: 'मोठी ← यादीतली पहिली संख्या'.

एवढ्याशा दुरुस्तीत केवढी समज आहे! बाहेरून आकडा आणायचा नाही. समोर जे आहे त्यातलंच पहिलं उचलायचं, तूर्तास तेच मोठं मानायचं आणि पुढची संख्या त्याला मागे टाकते का ते बघत जायचं. असं केलं की लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीनंतर एक वाक्य खरं राहतं: 'आतापर्यंत पाहिलेल्यांत ही सगळ्यात मोठी.' पहिल्या फेरीआधी ते खरं असतं, दहाव्या फेरीनंतरही खरं असतं, आणि यादी संपते तेव्हा 'आतापर्यंत पाहिलेल्यांत' म्हणजेच 'सगळ्यांत' होतं. अशा वाक्याला संगणकशास्त्रात लूप इनव्हेरियंट म्हणतात. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याची जी पद्धत मांडली, तिचा कणा हाच. शून्यापासून सुरू केलेल्या लूपमध्ये हे वाक्य पहिल्या ओळीलाच खोटं होतं. कारण शून्य कुणी 'पाहिलेलं' नव्हतंच.

मी वीसहून जास्त वर्षं प्रोग्रॅम लिहिते आहे. तरीही आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी अर्धा तास वही-पेन्सिल घेऊन बसते आणि असले साधे प्रश्न सोडवते. यादी उलटी करा. दुसरी सर्वांत मोठी संख्या शोधा. दोन क्रमवार याद्या एकत्र गुंफा. लोक विचारतात, आता याची काय गरज? गरज आहे, आणि ती मला एका जुन्या चुकीने शिकवली.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एक अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला होता. नोंदी विभागांनुसार लावलेल्या यायच्या आणि प्रत्येक विभागाची बेरीज छापायची होती. माझं तर्कशास्त्र असं: नोंदी एकेक वाचत जा, बेरीज करत जा, आणि विभाग बदलला की आधीच्या विभागाची बेरीज छापून पुन्हा शून्यापासून सुरू कर. मी चालवून पाहिलं, पानभर बेरजा आल्या, पहिल्या दोन-तीन हिशोब करून ताडून पाहिल्या, बरोबर निघाल्या. कामाला लावलं.

छपाई होत होती ती विभाग बदलल्यावर. शेवटच्या विभागानंतर मात्र विभाग बदलतच नाही, यादी संपते. म्हणजे शेवटच्या विभागाची बेरीज झालेली असायची, पण छापली कधीच जायची नाही. लूपच्या बाहेर, अगदी खाली, छपाईची आणखी एक ओळ हवी होती. ती नव्हती. कित्येक महिने एक विभाग दर वेळी अहवालातून गायब होत होता, आणि तिथली माणसं आपलं काम कुणी मोजतच नाही असं समजून गप्प बसली होती. शेवटी त्यांच्यातल्याच एका बाईंनी येऊन विचारलं, "आमचं नाव का नसतं हो यात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री मी तो लूप कागदावर उतरवला आणि तीन विभागांच्या सहा नोंदी घेऊन ओळीओळीने चालवला. दहा मिनिटांत चूक समोर आली. दहा मिनिटं! एवढीच मी आधी दिली असती तर.

तेव्हापासून स्यूडोकोड माझ्यासाठी परीक्षेपुरती गोष्ट राहिलेली नाही. स्यूडोकोड म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमिंग भाषेच्या व्याकरणात न अडकता, पण कुठलीही पायरी न गाळता लिहिलेली कृती. बाण काढा की बरोबरचं चिन्ह, 'सांगा' लिहा की 'छापा', कुणी हरकत घेत नाही. त्याला कंपायलर, म्हणजे लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, नसतो. त्यामुळे लाल अक्षरांत चूक दाखवणारंही कुणी नसतं, आणि माझ्या मते त्याची सगळी किंमत यातच आहे. यंत्र आपणच व्हायचं असतं. वाचताना 'मला काय म्हणायचं होतं' हे विसरून 'मी काय लिहिलं आहे' तेवढंच करायचं. हे दिसतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. आपलंच लिखाण वाचताना मन पुढे धावतं, गाळलेली पायरी न सांगता भरून काढतं.

साहित्य म्हणावं तर किती थोडं लागतं! १९६६ मध्ये कोराडो बोम आणि जुझेप्पे जाकोपिनी या दोन इटालियन संशोधकांनी दाखवून दिलं की एकामागून एक पायऱ्या, अटीनुसार निवड आणि पुनरावृत्ती एवढ्या तिनांवर कुठलीही गणनकृती मांडता येते. म्हणजे क्रम, 'जर-तर' आणि 'जोपर्यंत-तोपर्यंत'. त्यांच्या जोडीला ओळीने लावलेली, क्रमांकाने हाक मारता येणारी खणांची एक रांग घेतली, म्हणजे ॲरे घेतला, की वहीतल्या सरावाला जन्मभर पुरेल इतकं झालं.

मराठीत स्यूडोकोड लिहायला लागले तेव्हा एक वेगळाच लाभ झाला. रोजच्या बोलण्यातले शब्द किती सैल असतात आणि तरी आपलं कसं निभावतं, हे लक्षात यायला लागलं. 'पर्यंत' हा शब्द घ्या. 'एक ते दहापर्यंत मोज' म्हटलं की दहा धरायचे, हे लहान मूलही जाणतं. 'दहा वाजेपर्यंत थांब' म्हटलं की दहाचा ठोका पडला की निघायचं. 'चाळिसाव्या पानापर्यंत वाचलंय' असं कुणी म्हटलं तर चाळिसावं पान वाचून झालंय, की उद्या तिथूनच सुरुवात करायची? बोलणारा सांगत नाही, ऐकणारा विचारत नाही आणि कुणाचं काही अडत नाही. लूपचं मात्र तिथेच अडतं. < की ≤, एवढ्या एका रेघेवर एक फेरी जास्त होते किंवा कमी पडते. शंभर मीटरच्या कुंपणाला दर दहा मीटरवर खांब रोवायचा तर खांब लागतात अकरा. बहुतेकांच्या तोंडून आधी दहाच निघतं, माझ्याही. यादीतल्या खणांना आणि खणांमधल्या भिंतींना एकाच आकड्याने मोजायला गेलं की हीच चूक होते.

'आणि'चंही तसंच. 'लाल आणि निळ्या पेन्सिली बाजूला काढ' असं सांगितलं की माणूस लाल काढतो, निळ्याही काढतो. तेच वाक्य जसंच्या तसं अटीत उतरवलं, 'जर पेन्सिल लाल आणि पेन्सिल निळी असेल तर काढा', की एकही पेन्सिल निघत नाही. कारण अट एका वेळी एकाच पेन्सिलीला विचारली जाते, आणि दोन्ही रंगांची अशी ती नसते. तिथे 'किंवा'च हवं. 'नाहीतर' हा शब्दही वहीत आला की निवळतो. बोलताना त्याच्या पोटात धमकी असते. इथे तो नुसता दुसरा रस्ता दाखवतो.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती 'मी येईपर्यंत थांब' आणि 'मी येत नाही तोपर्यंत थांब' ही जोडी. अर्थ एकच. पहिल्यात थांबणं कधी संपेल ते सांगितलं आहे, दुसऱ्यात ते कुठवर चालू ठेवायचं ते. एकातून दुसऱ्यात जाताना एक 'नाही' लागतो, आणि तो नेमका कुठे बसवायचा याचा सराव करण्यासारखा आहे. 'दिवस ३६५ किंवा त्याहून कमी होईपर्यंत वजा करत राहा' याचं दुसरं रूप 'जोपर्यंत दिवस > ३६५ आहेत तोपर्यंत वजा करा'. ≤ चं उलट >. घाईत आपण ≥ लिहून बसतो. अटी दोन असल्या तर आणखी गंमत. 'सापडेपर्यंत किंवा यादी संपेपर्यंत शोध' हे वाक्य 'जोपर्यंत'मध्ये नेलं की 'जोपर्यंत सापडलं नाही आणि यादी संपली नाही तोपर्यंत शोध' असं होतं. 'किंवा' होता तिथे 'आणि' येतो. ऑगस्टस द मॉर्गन या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावाने हा नियम शिकवतात, पण तो आपण बोलताना न शिकता वापरत असतोच. लिहिताना पुन्हा शिकावा लागतो. आणि त्या दोन अटींतली कोणती आधी विचारायची तेही ठरवावं लागतं. यादी संपली आहे की नाही हे आधी बघितलं नाही, तर नसलेल्या खणात हात घातला जातो.

खणांना क्रमांक एकपासून द्यायचे की शून्यापासून, यावर माझी भाची पहिल्या दिवसापासून भांडते आहे. "पहिल्याला शून्यावा कोण म्हणतं?" तिचं म्हणणं खोटं नाही. मी तिला पट्टी दाखवली. पट्टीवरचा पहिला सेंटिमीटर शून्यापासून सुरू होतो. बाळाचं पहिलं वर्ष चालू असतं तेव्हा त्याचं पूर्ण झालेलं वय शून्य असतं. खणाचा क्रमांक, म्हणजे इंडेक्स, हा 'कितवा' असा प्रश्न नाही. सुरुवातीपासून किती पुढे, हा आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये याच विषयावर एक छोटंसं हस्तलिखित टिपण लिहिलं. २ पासून १२ पर्यंतच्या संख्या किती तऱ्हांनी लिहिता येतील? २ ≤ क < १३, १ < क ≤ १२, २ ≤ क ≤ १२, १ < क < १३. यांपैकी त्यांनी पहिली निवडली: सुरुवात धरलेली, शेवट वगळलेला. त्यात दोन टोकांची वजाबाकी, १३ − २, हीच संख्यांची मोजणी असते, अकरा. एक तुकडा जिथे संपतो नेमका तिथेच पुढचा सुरू होतो, सांध्यावर अधिक-उणे करावं लागत नाही. आणि एकदा ही तऱ्हा मान्य केली की न घटकांच्या यादीसाठी ० ≤ क < न हे १ ≤ क < न + १ पेक्षा सुटसुटीत दिसतं. मला हे पटतं. तरी वहीत मी एकपासूनच मोजते, कारण तिथे बोट ठेवून मोजायचं असतं. पानाच्या वर 'क्रमांक १ पासून' असं लिहून ठेवलं की झालं. वाद घालण्यापेक्षा लिहून ठेवणं महत्त्वाचं.

हाताने चालवण्यासाठी यादी निवडणं हीसुद्धा एक कलाच आहे. सुरुवातीला सगळे ४, ९, २, ७ अशी यादी घेतात, आणि तिच्यात जवळजवळ कुठलाही चुकीचा लूप बरोबर चालतो. यादी अडचणीची हवी. एक उदाहरण अगदी जवळून दाखवते, कारण त्यात मी स्वतः बराच वेळ अडकले होते. यादीतली सगळी शून्यं काढून टाकायची आहेत. मी लिहिलं: क एकपासून यादीच्या लांबीपर्यंत ने, आणि क व्या जागी शून्य असेल तर ते काढ. ५, ०, ८, ० या यादीवर दोन्ही शून्यं निघाली. ५, ०, ०, ८ वर काय होतं ते बघा. क = १, तिथे ५, पुढे. क = २, तिथे ०, काढलं. आता यादी उरली ५, ०, ८. मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले. दुसरं शून्य आता दुसऱ्या घरात आलं आहे, आणि क निघाला तिसऱ्याकडे. तिथे ८. दुसऱ्या घराकडे आता कुणी वळून बघणार नाही. पुढे क = ४ झाला तर तिथे घरच नाही. ५, ०, ८, ० मध्ये शून्यं शेजारी-शेजारी नव्हती म्हणून दोन्ही निघाली, आणि तेवढं पाहून मी समाधानाने पेन्सिल खाली ठेवली होती.

यावरचा एक उपाय म्हणजे मागून पुढे येणं. शेवटच्या घरापासून सुरुवात केली की सरकतात ते आपण आधीच तपासलेले. दुसरा उपाय मला अधिक देखणा वाटतो. काही काढायचंच नाही. 'जागा' नावाचं एक बोट पहिल्या घरावर ठेवायचं, दुसऱ्या बोटाने यादी वाचत जायची, शून्येतर संख्या दिसली की ती 'जागा'वर लिहायची आणि 'जागा' एक घर पुढे न्यायची. शेवटी 'जागा'च्या अलीकडची यादी तेवढी आपली. हे खरोखर दोन बोटं ठेवून करून बघावं. डावं बोट रेंगाळतं, उजवं झरझर जातं, आणि दोघांमधलं अंतर म्हणजे तोवर गळलेल्या शून्यांची मोजणी.

अशा चुका शिकाऊंच्याच होतात असं नाही. ३१ डिसेंबर २००८ या दिवशी मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे ३० जीबीचे म्युझिक प्लेअर एकदमच गोठले. कारण एक लूप. आतल्या घड्याळाला १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस ठाऊक असत आणि त्यांतून वर्ष काढायचं असे. त्यातलं तर्कशास्त्र वहीतल्या भाषेत असं:

वर्ष ← १९८०
जोपर्यंत दिवस > ३६५ तोपर्यंत
    जर वर्ष लीप असेल तर
        जर दिवस > ३६६ तर
            दिवस ← दिवस − ३६६
            वर्ष ← वर्ष + १
    नाहीतर
        दिवस ← दिवस − ३६५
        वर्ष ← वर्ष + १

मी भाचीला हे दिलं आणि कुठे अडकतं ते शोधायला सांगितलं. तिने आधी साधे दिवस घेतले. सगळं सुरळीत. मग मी म्हटलं, "२००८ पर्यंत पोचलीस असं समज, आणि दिवस उरलेत ३६६." तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे, आत शिरा. २००८ लीप, आत शिरा. ३६६ हे ३६६ पेक्षा मोठे? नाहीत. मग काहीच करायचं नाही. परत वर. ३६६ हे ३६५ पेक्षा मोठे, आत शिरा. तीन वेळा ती त्याच वाटेने फिरली, चौथ्यांदा बोट उचललं. "मावशी, हे संपतच नाही. काही बदलतच नाही ना आत."

तेच तर. लूपच्या प्रत्येक वाटेने काहीतरी शेवटाकडे सरकलं पाहिजे. इथे तीनपैकी एक वाट अशी होती की तिच्यातून जाताना ना दिवस कमी होत, ना वर्ष वाढत. ते प्लेअर २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आले होते, म्हणून लीप वर्षाचा शेवटचा दिवस त्यांनी आधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीचा तक्ताही तिने आपणहून भरला: दिवस ३६७, ३६६ पेक्षा मोठे, वजा केले, उरला १, वर्ष २००९. अगदी बरोबर. एक दिवस गेला की प्रोग्रॅम पुन्हा चालता. आत शिरलेल्याला मात्र तो दिवस ओलांडता येत नव्हता. आतल्या 'जर'ला 'नाहीतर थांबा' एवढं जोडलं असतं तरी भागलं असतं.

वहीबद्दल इतकं मनापासून लिहिताना तिची मर्यादाही सांगायला हवी. क्रमवार यादीत संख्या शोधण्याची अर्धी-अर्धी पद्धत, म्हणजे बायनरी सर्च, जॉन मॉकली यांनी १९४६ मध्येच व्याख्यानात मांडली होती. खालची सीमा, वरची सीमा, त्यांचा मध्य, आणि अर्धी यादी सोडून द्यायची. मध्य काढायचा तर (खालची + वरची) / २, याहून सरळ काय असणार? ही ओळ वहीत शंभर वेळा चालवली तरी बरोबरच येते. पण २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमांच्या संग्रहात, वर्षानुवर्षं असलेली हीच ओळ चुकीची आहे. संगणकातली ३२ बिटांची, म्हणजे ०-१ च्या ३२ अंकांच्या खणात मावणारी, पूर्णांक संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. यादी सुमारे १०७ कोटींहून लांब झाली की दोन सीमांची बेरीज ही हद्द ओलांडू शकते आणि उत्तर उणे निघतं. त्यावर खालची + (वरची − खालची) / २ असं लिहिणं हा एक उपाय. गणितात दोन्ही एकच, यंत्रात नाहीत. कागदावरच्या संख्यांना हद्द नसते, म्हणून कागद ही चूक दाखवू शकत नाही. यामुळे माझा वहीवरचा विश्वास कमी झाला नाही. फक्त वही मिटल्यावर एक प्रश्न वेगळा विचारायची सवय लागली: हे ज्या खणात राहणार आहे तो केवढा आहे?

भाचीच्या त्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो तिथे संपला नव्हता. 'मोठी ← यादीतली पहिली संख्या' असं लिहून ती खूश होती. आठ-दहा दिवसांनी तीच वही घेऊन आली.

"मावशी, यादीत काहीच नसेल तर? मग पहिली संख्या कुठून आणू?"

हे तिला कुणी सुचवलेलं नव्हतं. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"आधी सोपं बघू. रिकाम्या यादीची बेरीज किती?"

"शून्य."

"आणि गुणाकार?"

"शून्यच," ती म्हणाली, पण लगेच तिने वहीत लिहून पाहिलं. गुणाकार ← ०, मग ४ ने गुणा, ५ ने गुणा. शून्य, शून्य. तिने खोडलं. "नाही, एक. सुरुवात अशी पाहिजे की पुढे येणाऱ्याला तिने काही करता कामा नये. बेरजेत ते शून्य, गुणाकारात एक."

"मग सगळ्यात मोठ्याच्या शोधात?"

ती बराच वेळ गप्प होती. "असा आकडा पाहिजे की कुठलीही संख्या त्याला हरवेल. उणे दहा हजार नको म्हणालीस. उणे वीस हजारही नको." मग हळूच, "असा आकडाच नाही."

गणितवाले तिथे उणे अनंत लिहितात, मी म्हटलं. पण हे उत्तर वाचणाऱ्या माणसाला उणे अनंत सांगून काय उपयोग? शून्य सांगितलं तर ते खोटं. गप्प बसलं तर तो म्हणेल, प्रोग्रॅम बिघडला. 'यादी रिकामी आहे' असं सांगायचं, की हा शोध वापरणाऱ्यानेच आधी तपासून यायचं, की 'काहीच नाही' नावाचं एक वेगळं उत्तर ठेवायचं? यातलं एकही बेरजेसारखं आपोआप निघत नाही. ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी ते उत्तर पुढे कोण वापरणार आहे ते विचारावं लागतं.

"कोण वापरणार आहे?" तिने विचारलं.

"प्रश्नात दिलेलं नाही."

तिने सगळ्यांत वरच्या ओळीच्या वर, समासाला चिकटून, बारीक अक्षरात एक नवी ओळ लिहिली: 'जर यादी रिकामी असेल तर'. पुढे बोटभर जागा मोकळी ठेवली, पेन्सिल कानामागे खोचली आणि खिडकीबाहेर बघत बसली.